एक धरलंय

पडदेवाल्याने फोनवर खिडकीचं माप विचारलं आणि तिने नेहमीसारखा फोन दुसऱ्या कानाला लावला. नुसतं रुंदी-उंची सांगा बाई, उद्या कापड घेऊनच येतो, असं तो अगदी सहज म्हणाला होता. जिने हयातभर मापंच काढली तिला रुंदी-उंची सांगायला काय जड जाणार? पण हल्ली जड जायचं. हल्ली म्हणजे अकरा वर्षं. ती म्हणाली, दुपारी कळवते. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती खिडकीकडे बघत उभी राहिली. खिडकी कसली, दिवाणखान्याची अख्खी भिंतच काचेची होती. काचेपलीकडे समुद्र, आणि दुपारी त्याच्यावरून येणारी तिरीप डोळ्यांत सुई खुपसावी तशी शिरायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं तेव्हा कुठे नवरा पडद्याला कबूल झाला. लोक समुद्र दिसावा म्हणून जीव टाकतात आणि तू त्याच्यावर पडदा घालायला निघालीस, हे त्याचं वाक्य गेल्या महिन्याभरात तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तो तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं. आता तो केस कापायला गेला होता. बारापर्यंत येणार होता. शिवणाच्या डब्यातली टेप पाच फुटांची. खिडकी मोजायची तर ती तीनदा लावावी लागणार, दोनदा खूण करावी लागणार, आणि मग बेरीज. बेरजेचं नाव निघताच तिने टेप परत डब्यात टाकली. स्टूल ओढलं आणि कपाटावरची त्याची जुनी कॅनव्हासची पिशवी खाली काढली.

पिशवीत ओळंबा होता, खडूचे तुकडे होते, एक पाय मोडलेला कंपास होता आणि तळाशी चामड्याची गोल डबी. ती शंभर फुटी मोठ्या टेपची डबी. नंतर आणखी काही फूट वाढवलेली, पण नकाशा कचेरीत सगळे तिला शंभरीच म्हणायचे. डबी हातात घेतली आणि तिच्या तळव्याने ती ओळखली. बाजूला पडलेली ती चीर, पितळी घडीचा दांडा, दांड्याखाली अंगठ्याने झिजवलेला खळगा. तो अंगठा तिचाच होता. एकोणीस वर्षं ही डबी तिच्या हातात राहिली आणि दुसरं टोक नवऱ्याच्या. लग्नाआधी चार वर्षं आणि लग्नानंतर पंधरा. कचेरीत लोक हसायचे, म्हणायचे, ह्या दोघांची गाठ भटजीने नाही, टेपने बांधलीय. तो मोजणीदार, ती ट्रेसरबाई. म्हणजे खरं तर तिचं काम टेबलावरचं, नकाशाच्या पारदर्शक कापडावर शाईने रेघा ओढायचं, पण माणसं कमी असली की ती मोजणीलाही जायची आणि माणसं नेहमीच कमी असायची. ह्या टेपचा पहिला फूट तुटलेला होता. खाऱ्या वाऱ्याने गंजून कडी गेली, मग टोक गेलं, मग फुटाचा तो तुकडाच गेला. नवी टेप मागितली की भांडारातून उत्तर यायचं की बाकीचे फूट शाबूत आहेत ना. मग त्यांनी आपली रीत बसवली. टोकाशी असलेला माणूस एकाची खूण जागेवर धरायचा आणि ओरडायचा, "एक!" डबीशी असलेल्या माणसाने जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा आणि वहीत लिहायचं. सोपं काम. सगळे मोजणीदार कधी ना कधी ते वजा करायला विसरतात आणि मग भिंत फुटाने लांब होते, त्यावर दोन दिवस थट्टा चालते. ती मात्र कधीच विसरली नव्हती.

दांडा उघडून तिने टोक ओढलं. तिच्या बोटांना सवयीने फाटकी, मेणाच्या दोऱ्याने बांधलेली सुरुवात हवी होती. हाताला लागली ती कडी. गुळगुळीत, अख्खी, बोट घालता येईल अशी. कडीनंतर पहिला इंच, दुसरा, तिसरा, आणि मग तांबड्या शाईतला एकचा आकडा. तिने टेप चष्म्याजवळ नेली. पुन्हा एकदा बघितली, कारण एकदा बघून विश्वास ठेवायचं तिने केव्हाच सोडलं होतं. टेप पूर्ण होती. डबी जुनी आणि आतली फीत नवी. आता इतक्या वर्षांत कधीतरी बदलली असेल, त्यात एवढं काय, असं स्वतःला समजावत तिने डबीचं मागचं झाकण उचललं. आत चिठ्ठी डकवलेली होती. कचेरीचा भांडारवाला म्हणजे चिठ्ठ्यांचा माणूस. कात्रीला चिठ्ठी, पंख्याला चिठ्ठी, त्याच्या हाती असतं तर त्याने स्वतःच्या कपाळालाही एक चिकटवली असती. त्याचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर तिने कुठेही ओळखलं असतं. जुनी फीत काढली, नवी पूर्ण घातली. खाली तारीख, आणि तारखेखाली टेप ताब्यात घेतल्याची सही. सही नवऱ्याची. तारीख चार.

चार. तिला सात आठवत होती. सात तारीख ती मरेपर्यंत विसरणार नव्हती, कारण तो आकडा नुसता तिच्या डोक्यात नव्हता, तो हुकुमात छापलेला होता. दिनांक सात रोजी केलेल्या प्रत्यक्ष मोजणीनुसार सदर इमारत भरतीच्या दगडापासून शंभर फुटांच्या आत येत असल्याने. महिना तोच, वर्ष तेच. ती स्टुलावर बसली. टेप मांडीवर पडून राहिली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडीचं ते टूं-टूं बराच वेळ चाललं. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की स्वयंपाकघरात गॅस बंद केलाय का. ती उठली, गॅस बघून आली, बंद होता, पुन्हा येऊन बसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण हे का करतो, आणि कधीपासून करतो.

ती इमारत. खिडकीतून आता जिथे नुसता समुद्र दिसतो तिथे ती होती. लांबच लांब, बैठी, समुद्राकडे तेरा दारं, म्हणून लोक तिला तेरादारी म्हणायचे, मग आत काहीही असो. मूळ ती मालाची वखार होती. होड्यांतून उतरलेला माल तिथे ठेवायचे, तिच्या जन्माआधीच ते बंद झालं, पण पावसाळी हवेत फरशीतून जुन्या तेलाचा वास यायचा तो शेवटपर्यंत. मग छातीच्या रोग्यांसाठी आरोग्यगृह झालं. आई तिथे आया होती. चौथ्या आणि पाचव्या दाराच्या मधल्या खोलीत सहा खाटा, खाटांवर छताला आकडे, आकड्यांना मच्छरदाण्या. ती चार-पाच वर्षांची असताना आई तिला दाराबाहेर पायरीवर बसवून जायची, आत यायचं नाही, कोणी खोकलं तर तोंड फिरवायचं. ती पायरीवर बसून आतले खोकले मोजायची. मोजायला ती तिथेच शिकली. पुढे रोगी कमी झाले, खाटा गेल्या आणि मुलींची शाळा आली. भिंती पांढऱ्याच्या पिवळ्या झाल्या. ती चौथीत गेली ती त्याच खोलीत, त्याच आकड्यांखाली. आता आकड्यांना काही टांगलेलं नव्हतं आणि पाढे म्हणताना सगळ्या मुली वर बघायच्या, एक आकडा, एक पाढा. तिने आईला सांगितलं की तुझ्या वॉर्डात माझा वर्ग भरतो, तर आई पदराने तोंड पुसत म्हणाली, जागा तीच असते ग, आत कोण आहे त्यावर सगळं. शाळेच्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या उंचीने बेताच्याच होत्या, पण त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपण उंच आहोत असं कोणाला वाटत नसे.

मग शाळेला नवी जागा मिळाली आणि तेरादारीत नकाशा कचेरी आली. सतराव्या वर्षी शाळा संपवून ती गेली आणि बाविसाव्या वर्षी नोकरीला परत त्याच दारातून आत आली. चौथं-पाचवं दार. तिच्या टेबलावर तोच आकडा, त्याला आता दिव्याची वायर. तिथे तिला एक काम पुन्हा पुन्हा करावं लागलं ज्याचं तिला गुपचूप हसू यायचं. इमारतीचा वापर बदलला की नकाशा बदलायचा. नवा नकाशा कोण काढतंय? जुन्या कापडावरची शाई ब्लेडने अलगद खरवडायची आणि त्याच जागी नवं नाव लिहायचं. वॉर्ड खरवडून वर्ग. वर्ग खरवडून कचेरी. नंतर तीन दारं विवाह नोंदणीला दिली तेव्हा कचेरी खरवडून नोंदणी कक्ष. त्याच कक्षात तिने आणि मोजणीदाराने सह्या केल्या, साक्षीदार म्हणून भांडारवाला आला आणि नोंदणीच्या पेनालाही चिठ्ठी लावावी असं म्हणाला. शेवटी शेवटी तर कचेरीच्या दोन-तीन खोल्या सोडून बाकी तेरादारीत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या मतपेट्या ठेवायचे, तेव्हा तिने तिथली सगळी नावं खरवडून एकच शब्द लिहिला, साठवण. कापड इतकं पातळ झालं होतं की उजेडाला धरलं तर खालची सगळी अक्षरं एकावर एक दिसायची. भिंती मात्र तिने कधी खरवडल्या नाहीत. आणि खालच्या कडेला भरतीच्या दगडापासूनचं, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे रोवलेल्या दगडापासूनचं अंतर, शंभर फूट सात इंच, तेही कधी नाही. ते तिच्या आधीच्या कोणीतरी लिहिलेलं होतं.

मग किनाऱ्याचा नवा नियम आला. भरतीच्या दगडापासून शंभर फुटांच्या आत जे काही असेल ते पाडायचं. जुने आकडे चालणार नाहीत, प्रत्यक्ष मोजा. सात तारखेला सकाळी ओहोटी होती आणि वारा असा की वहीची पानं धरून ठेवायला तिने हेअरपिना लावल्या होत्या. ती सातव्या दाराच्या भिंतीला डबी टेकवून उभी. नवरा टोक घेऊन वाळूतून दगडाकडे गेला. दगड बांधाच्या पलीकडे, त्यामुळे तो बसला की तिला फक्त त्याची टोपी दिसायची. टेप ताणली गेली. वाऱ्याने ती गुणगुणायला लागली, तो आवाज तिला आवडायचा. आणि तिकडून त्याचा आवाज आला. "एक धरलंय! एक वजा कर!" तिने आकडा वाचला. शंभर फूट सात इंच. एक वजा केला. नव्याण्णव फूट सात इंच लिहिलं. डोळ्यांनी जे वाचलं ते वाचलं. अरेरे, म्हणजे आधीच्याने चुकीचं लिहिलं होतं, असं ती त्याला म्हणाली. तो वाळू झटकत म्हणाला, जुनी लोकं काय, एकमेकांचं बघून उतरवायची. बघून उतरवलं म्हणता, तर आजचा वजा न केलेला आकडा आणि जुना आकडा इंचाइंचाने सारखा कसा, हे तिच्या मनात आलं होतं. आलं होतं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं, पण नंतर, हुकूम निघाल्यावर.

हुकूम निघाला त्या संध्याकाळी ती त्याला म्हणाली होती की पुन्हा मोजू या, माझ्या मनाला खातरी वाटत नाही, मी टेपवर शंभर सात वाचलं ते मला स्पष्ट आठवतंय. तो चपला काढत होता. एक चप्पल काढून तो तसाच थांबला. मग त्याने दार लावून घेतलं, तिला बसवलं आणि इतक्या हळू आवाजात बोलला की तिला आधी वाटलं कोणी गेलं की काय. तो म्हणाला की त्याला त्याच दिवशी कळलं होतं. टेपवर एकशे एक सात होतं. तिने वाचतानाच मनात एक वजा केला आणि मग कागदावर पुन्हा एक केला. "दोनदा वजा केलंस ग तू. वाचतानाच वजा करतेस, मी किती वर्षं बघतोय." आता पुन्हा मोजणी मागितली तर चूक कोणाची हे निघेल, आणि एक निघाली की लोक मागच्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या वह्या काढतील, कोणाची भिंत, कोणाची हद्द, कोण कोण भांडत येईल सांगता येत नाही. तेव्हा गप्प राहायचं. तो आहे ना. त्याने वही आपल्या ताब्यात घेतलीय. हे सगळं त्याने तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं आणि तिला रडू फुटलं होतं ते त्याच्या चांगुलपणाने. त्या रडण्याची आठवण आता स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या अंगावरून सरसरत गेली. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

आणि मग मोठ्या बाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, हातात काठी आणि कापडी पिशवीत जुन्या विद्यार्थिनींच्या सह्यांचे कागद. त्या तेरादारीच्या तेवढ्या दगडी पायऱ्या चढून तिच्या टेबलापाशी आल्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कागद मी वर देणार आहे. पण त्याआधी तुला विचारते. तू माझ्या हाताखाली पाढे शिकलीस. ही इमारत शंभराच्या आत आहे?" टेबलावरचा दिवा हलत होता. पलीकडच्या टेबलावर नवरा पेन्सिलीला टोक काढत होता आणि त्याने मान वर केली नाही. तिला म्हणता आलं असतं, बाई, मला माहीत नाही, पुन्हा मोजा. तेवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "आत आहे, बाई." मोठ्या बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं, कागदांची घडी केली, पिशवीत ठेवली. "मग झालं," म्हणाल्या. ते कागद त्यांनी कधीच वर दिले नाहीत, कारण त्यांच्या विद्यार्थिनीने आकडा सांगितला होता. पुढे दोनदा रस्त्यात भेटल्या. त्या नीट बोलल्या, तब्येत विचारली, मुलीचं विचारलं. हिलाच त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. मग तिने तो रस्ताच सोडला. भाजी आणायला ती अजून लांबून वळसा घालून जाते.

तेरादारी पाडायला नऊ दिवस लागले. ती रजेवर होती. दहाव्या दिवशी कामावर, म्हणजे दुसरीकडे हलवलेल्या कचेरीत, गेली आणि एका साध्या हद्दीच्या नकाशात तिने सात अधिक पाच ही बेरीज पाच वेळा केली. तरी खातरी होईना. त्या वर्षाअखेर तिने नोकरी सोडली. नवऱ्याने अडवलं नाही, म्हणाला, दगदग नको तुला. घरात मीठ घालताना ती थांबायची, घातलं की नाही? कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. मुलीला आधी काळजी वाटली, मग तिची थट्टा झाली, मग सवय. नवरा जेवताना जावयाला सांगायचा, तुमच्या सासूबाई दोनदा वजा करतात बरं का, त्यांनी वाढलेलं नीट मोजून घ्या. सगळे हसायचे. ती पण हसायची, आणि मनातून त्याचे आभार मानायची की तो खरं काय ते सांगत नाही. ह्या घराचीही गोष्ट तशीच. तेरादारीच्या मागच्या बाजूला कित्येक वर्षं अर्धवट उभ्या असलेल्या इमारती होत्या, पुढून दिसणार ती तेरादारीची मागची कौलं, म्हणून कोणी घेईना. पाडल्यावर सहा महिन्यांत त्या रंगवून तयार. कचेरीतल्यांसाठी दोन घरांची सोडत निघाली आणि चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची. तो मिठाईचा पुडा घेऊन आला होता. ती म्हणाली होती, ज्या जागेचं आपण वाटोळं केलं तिच्यावर डोळे लावून बसायचं का रोज? तो म्हणाला, आपण नाही ग, तू. आणि लगेच जीभ चावून, बरं जाऊ दे, झालं गेलं. सोडत. त्या दोन चिठ्ठ्यांतली दुसरी कोणाची निघाली होती? तिला आठवलं, कचेरीच्या साहेबांच्या मेहुण्याची. हे तिला तेव्हाही माहीत होतं. ज्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही तो दुसऱ्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघणार.

तरीही तिचं मन मागे फिरत होतं. एकोणीस वर्षं ज्याच्याबरोबर टेप ताणली त्याला ती अशी एका चिठ्ठीवर फाशी देणार नव्हती. चार तारखेला फीत नवी आली, मान्य. पण सवय असते. वर्षानुवर्षं "एक" ओरडणारा माणूस, वारा होता, घाई होती, कडीवर बोट ठेवून तोंडाने आपोआप "एक" निघालं असेल. मग संध्याकाळी आकडा बघून त्याला खरंच वाटलं असेल की हिनेच दोनदा वजा केलं. असं असू शकतं. असं असेल तर ती त्याला हसत हसत सांगेल, अहो, आपण दोघंही वेडे, आणि दोघं मिळून रडतील. तिला हे फार हवंसं वाटलं. पण त्या दिवशी तो नुसतं "एक" ओरडला नव्हता. "एक धरलंय, एक वजा कर." एकोणीस वर्षांत त्याने तिला वजा कर असं कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आणि ते सांगितलं त्याच दिवशी.

दारात किल्ली फिरली तेव्हा ती टेप घेऊन खिडकीशी उभी होती. झाकण बंद करून, डबी हातात धरून, एकोणीस वर्षं धरायची तशी. तो मानेवरचे केस झटकत आत आला, न्हाव्याने कान जास्तच उघडे टाकले म्हणून कुरकुरला, पंखा लावला. टेप बघून त्याला काही वाटलं असेल तर ते त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही. तिने सांगितलं की पडदेवाल्याला माप हवंय, शिवणाची टेप पुरत नाही, ही काढली. तो म्हणाला, शेवटी झाकणारच तू समुद्र. ती म्हणाली, "अहो, टोक धरा ना त्या कोपऱ्याला."

त्याने टोक घेतलं. खाली बघितलं नाही. काचेच्या डाव्या कोपऱ्याशी गेला, गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नव्हते म्हणून भिंतीला टेकला आणि कडी चौकटीला लावली. ती डबी घेऊन उजवीकडे मागे मागे सरकत गेली. टेप दोघांच्या मधे ताणली गेली. इथे वारा नव्हता, ती गुणगुणली नाही. पलीकडे समुद्र दुपारच्या उन्हात पसरला होता, मधे काहीच नव्हतं. ती उजव्या चौकटीशी पोचली. आकडा तिला दिसत होता. तिने तो वाचला नाही. आधी त्याचा आवाज हवा होता. एक म्हणा, असं ती मनात म्हणत होती. सवयीने म्हणा, न बघता म्हणा, नुसतं एक म्हणा आणि मी सगळं सोडून देते. तिला आठवत नव्हतं इतकी काकुळतीला ती कधी आली होती.

"धरलं?" तिने विचारलं.

"हं. शून्य."

तिने आकडा सांगितला नाही. त्याचा त्याने नेहमीचाच अर्थ लावला असावा. "वजाबिजा करू नकोस हां," तो मायेने म्हणाला. "फीत नवी नाही का घातली आपण हिला? विसरलीस ना? तुझं आपलं नेहमीचंच."

"नाही," ती म्हणाली. "मी नाही विसरले."

तेव्हा त्याने खाली बघितलं. आपल्या बोटातली कडी बघितली, मग तिच्याकडे. पंख्याने त्याच्या मानेवरचा एक केस उडून टेपवर पडला. "अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "तुला कोणी कधी एक शब्द बोललं? मी बोलू दिला?" आणि मग, तिच्याकडे न बघता, "त्या पडक्या जागेत होतं काय, सांग. खुर्च्या."

तिच्याजवळ त्याचं उत्तर होतं. सहा खाटा होत्या, आकडे होते, पाढे होते, त्याची आणि तिची सही होती. पण ह्या माणसाला ते सांगायचं म्हणजे पुन्हा त्याच्याकडून तपासून घेणं, आणि तपासून घेण्याचा तिला एकाएकी कंटाळा आला. राग नंतर येईल, तिला माहीत होतं, चांगला दांडगा येईल, त्याच्यावर येईल आणि "आत आहे, बाई" म्हणणाऱ्या स्वतःवरही. आत्ता तिने फक्त आकडा वाचला. चौदा फूट दोन इंच. खिडकीच्या कठड्यावर पडदेवाल्याचा नंबर लिहिलेला कागद होता, त्याच्यावर तिने ते लिहिलं. चौदा, दोन. पुन्हा टेपकडे बघितलं नाही. "सोडा," ती म्हणाली. त्याने कडी सोडली. तिने घडीचा दांडा फिरवत फिरवत सगळी फीत आत घेतली, कडी खटकन डबीला येऊन लागेपर्यंत. मग डबी त्याच्या पिशवीत न ठेवता आपल्या पर्समध्ये टाकली. पर्स फुगली, बंद होईना, तिने ती तशीच खांद्याला लावली.

त्याने विचारलं, कुठे निघालीस उन्हाची. ती म्हणाली, "मोठ्या बाईंकडे." त्या आता मागच्या गल्लीत भाचीकडे असतात, डोळ्यांनी कमी दिसतं, पण भाचीला वाचता येतं हे तिला माहीत होतं. डबीतली चिठ्ठी तीन ओळींची होती. तो म्हणाला, आता काय उपयोग, आणि मग, जेवण, आणि मग तिचं नाव घेतलं, जे तो वर्षानुवर्षं घेत नसे. ती पायात चपला सरकवत होती. गॅस तिने सकाळी बंद केला होता. तिने दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली, आणि कडी नीट बसली की नाही ते बघायला परत वर गेली नाही.